पडलेल्या माणसाला उचलण्याआधी

मा. संपादक महोदय,

स. न. वि. वि.

मार्च लागला की आपल्या दैनिकाच्या आतल्या पानावर एक बातमी यायला लागते. अमुक गावात आंबे काढताना झाडावरून पडून एक जण गंभीर जखमी, अधिक उपचारासाठी कोल्हापूरला हलविले. दोन-तीन ओळी, बस. पुढे तो उठला की नाही, घरी आला की नाही, हे काही छापून येत नाही. मी राजापूर तालुक्यात खाडीकाठी राहणारा आंबा बागायतदार आहे, वय 58. चार वर्षांपूर्वी अशीच तीन ओळींची बातमी माझ्या बागेतून गेली होती. तिच्या पुढची हकिकत आज लिहितो आहे. पत्र लांबले आहे, पण शक्य झाल्यास पूर्ण छापावे ही विनंती.

आमचा गडी तेव्हा 31 वर्षांचा होता. शेजारच्याच वाडीतला, पंधराव्या वर्षापासून आमच्याकडे. मला काका म्हणतो. त्याला विचारूनच लिहितो आहे. नाव मात्र नको, असे त्याचे म्हणणे आहे. एप्रिलचा दुसरा आठवडा, सकाळी साडेसातची वेळ. रात्री दव पडले होते. माझ्या वडिलांच्या हातचे जुने हापूसचे कलम, त्याच्या मधल्या फांदीवर तो झेला (आंबे उतरवायची जाळीची काठी) घेऊन उभा होता. ती फांदी आतून खोडकिड्याने पोखरलेली होती. बेचक्यात भुसा पडलेला मी पावसाळा संपताना पाहिला होता. भोकात औषध सोडून ते बुजवायचे म्हटले, ते राहून गेले, मग मोहोर आला आणि फवारण्यांच्या गडबडीत मी विसरलो. बाहेरून फांदी धडधाकट दिसत होती. मोडली तेव्हा आवाजही मोठा झाला नाही. तो वीस-पंचवीस फुटांवरून आला आणि बसल्यासारखाच जांभ्याच्या गडग्यावर, म्हणजे दगडी कुंपणावर, आदळला.

मी धावत पोचलो तेव्हा तो शुद्धीवर होता. पाठीत आग होते म्हणत होता. त्याच्या डाव्या पायाचा अंगठा हलत होता. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिले आहे. अंगठ्यावर आंब्याच्या चिकाचा काळा डाग होता, तो वर-खाली होत होता.

मग आम्ही त्याला उचलले. मी काखेत हात घातले, दोघांनी पाय धरले, कंबर मध्ये लोंबत राहिली. गाडी रस्त्याला होती, तिथपर्यंत पाखाडीच्या चाळीस-एक पायऱ्या तसेच नेले. एकाने वाटेत पाणी पाजले. एकाने पाय ओढून पाहिला, निखळला असेल तर बसेल म्हणून. व्हॅनच्या मधल्या सीटवर त्याला बसवले आणि दोन्ही बाजूंनी दोघे टेकून बसले. प्रत्येकाच्या मनात माया होती, एकाच्याही डोक्यात ज्ञान नव्हते. तालुक्याच्या वाटेवर एका गतिरोधकावर गाडी आदळली, तेव्हा तो जिवाच्या आकांताने ओरडला. त्यानंतर गप्पच झाला. रुग्णालयाच्या दारात स्ट्रेचरवर घेतल्यावर मला म्हणाला, "काका, पाय सरळ करा वो, वाकडे ऱ्हायलेत." पाय सरळच होते. मी अंगठा धरून ओढला आणि विचारले, कळते का? तो छताकडे बघत राहिला.

तिथून अणुस्कुरा घाटाने कोल्हापूर. संध्याकाळी डॉक्टरांनी फोटो दाखवला. कंबरेच्या पहिल्या मणक्याचा चुरा झाला होता आणि एक तुकडा मागे सरकून मज्जारज्जूवर बसला होता. उंचावरून बसका पडलेल्या माणसाचा मणका बहुतेक वेळा तिथेच फुटतो, कारण छातीच्या पिंजऱ्याने घट्ट धरलेला पाठीचा भाग तिथे संपतो आणि हलती कंबर सुरू होते. मोठ्या माणसाचा मज्जारज्जूही त्याच सुमारास संपतो. तिथे इजा झाली की पाय जातात आणि लघवी-शौचाचा ताबाही जातो. मानेत झाली तर हातही जातात.

मी डॉक्टरांना एकच प्रश्न विचारला. आमच्या उचलण्याने हे झाले का? ते म्हणाले, आता कोणीही सांगू शकणार नाही. पडतानाच सगळे झाले असेल, किंवा थोडे शिल्लक होते ते वाटेत गेले असेल. मणका मोडलेल्या माणसाला कंबरेत वाकवले, पिळले, बसवले, तर मोडलेली हाडे आतल्या रज्जूला चिरडतात, एवढे मात्र नक्की. मी अंगठा हलताना पाहिला आहे. त्यामुळे माझे उत्तर माझ्याजवळ आहे.

ऑपरेशन चौथ्या दिवशी झाले. स्क्रू आणि सळ्या घालून मणका बांधला. रज्जूवरचा दाब पहिल्या 24 तासांत काढावा, असा आता जगभरच्या शल्यचिकित्सकांचा कल आहे, हे मला पुढे कळले. कागदपत्रे, मंजुरी, सळ्यांचा संच, रक्त, यांत आमचे तीन दिवस गेले. कोणा एकाला दोष देत नाही. सरकारी योजनेतून ऑपरेशनचा खर्च भागला, याबद्दल मी कृतज्ञ आहे. पण डिस्चार्जचा कागद हातात पडला तिथे योजना संपली, आणि खरी परीक्षा तिथे सुरू झाली.

त्याची बायको तेव्हा 26 वर्षांची, पदरात दोन मुले. तिला इस्पितळात सांगितले होते, कुशी बदलत राहा. का बदलायची आणि किती वेळाने, हे नीट बसवून कोणी सांगितले नाही. कमरेखाली संवेदना नसलेल्या माणसाला आपण एका जागी दबलो आहोत हे कळतच नाही. आपण झोपेतसुद्धा कूस बदलतो, तो बदलत नाही. घरी आल्यावर तिसऱ्या आठवड्यात तिला माकडहाडावर पाच रुपयांच्या नाण्याएवढा काळा डाग दिसला. तिला वाटले मळ आहे. ओल्या फडक्याने तिने तो घासला, तर वरची कातडी सुटून हातात आली आणि खाली मूठ जाईल एवढी पोकळी. मी तिथे उभा होतो. त्या वासाने मी अंगणात येऊन गडग्याला धरून उभा राहिलो. ती मात्र तशीच बसून राहिली, फडके हातात धरून.

मी मुंबईच्या भाच्याकडून हवेची गादी मागवली. विजेवर चालणारी. मृगाच्या आधीच वादळी पाऊस झाला, वाडीची वीज गेली ती तीन दिवस आली नाही. गादी बसली. मोबाइलवर दोन-दोन तासांचा गजर लावला होता, त्याचीही बॅटरी संपली. मग त्याची आई आणि बायको आळीपाळीने रात्र जागू लागल्या. म्हातारी रामरक्षा म्हणत बसायची आणि किती वेळा म्हटली यावरून वेळ ठरवायची. जखम भरायला सात महिने लागले.

पुढे मी या विषयाचे जे मिळेल ते वाचू लागलो, तेव्हा समजले की त्या दोघी जे करत होत्या तेच खरे शास्त्र आहे. दुसऱ्या महायुद्धापर्यंत मणका मोडलेला सैनिक बहुधा वर्ष-दोन वर्षांत मरायचा, तो शय्याव्रणाने, म्हणजे एका जागी दबून होणाऱ्या अशा जखमेने, किंवा लघवीच्या जंतुसंसर्गाने. 1944 मध्ये इंग्लंडमध्ये स्टोक मँडेव्हिल येथे डॉ. लुडविग गुटमन यांनी वॉर्ड सुरू केला आणि दर दोन तासांनी, दिवसा आणि रात्री, प्रत्येक रुग्णाची कूस बदलण्याचा नियम घातला. माणसे जगू लागली. तेव्हा विजेच्या गाद्या नव्हत्या. त्याला ऐंशी वर्षे होऊन गेली. तरी जागतिक आरोग्य संघटना आजही सांगते की गरीब देशांत मणक्याचे रुग्ण याच टाळता येण्याजोग्या गोष्टींनी मरतात, आणि श्रीमंत देशांत हे प्रमाण खूप खाली आले आहे. जगात दीड कोटीहून अधिक माणसे अशी इजा घेऊन जगत आहेत, असा याच संघटनेचा अंदाज आहे. त्यांतली बहुतेक अपघाताने या स्थितीत आलेली.

लघवीचेही तेच. नळी घालून पिशवी लावून त्याला घरी पाठवले होते. ती केव्हा बदलायची हे आम्हाला ठाऊक नव्हते. दोन महिने तीच राहिली. एका रात्री हुडहुडी भरून ताप चढला, तेव्हा गादीसकट उचलून न्यावे लागले. (तोवर निदान उचलायला शिकलो होतो.) तिथे एका तरुण फिजिओथेरपिस्ट मुलीने त्याला शिकवले, की कायमची नळी नको, दर चार-सहा तासांनी स्वतःच्या हाताने नळी घालून लघवी काढायची आणि नळी बाहेर घ्यायची. हात साबणाने स्वच्छ धुवायचे, नळी स्वच्छ ठेवायची. 1972 मध्ये लॅपिडिस नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी दाखवून दिले, की यासाठी ऑपरेशन थिएटरसारखे निर्जंतुक काही लागत नाही, स्वच्छता पुरते. तिने त्याला एक हातआरसाही दिला. रोज सकाळी आरशात स्वतःची पाठ आणि बूड बघायचे, कुठे लाल दिसले तर त्या अंगावर भार द्यायचा नाही. त्याच्या आयुष्याला कलाटणी मिळाली ती या दोन गोष्टींनी, एक नळी आणि एक आरसा. अर्ध्या तासाचे शिक्षण होते. दोन महिने उशिरा मिळाले.

आता जरा कोकणाचे वर्षच बघा. एप्रिलमध्ये आंब्यावरून पडतात. मेमध्ये पावसाआधी कौले चाळायला चढलेला माणूस कुजलेल्या रिपेवर पाय देतो. त्याच मेमध्ये चाकरमान्यांची मुले गावी येतात आणि पाणी खाली गेलेल्या विहिरीत किंवा कोंडीत डोक्यावर सूर मारतात. ती इजा मानेची, सगळ्यांत वाईट. पावसाळ्यात शेवाळलेल्या कातळावरून घसरणारे आहेत. गोकुळाष्टमीला थर कोसळतात. पोफळीवर आणि माडावर चढणारे तर बारा महिने आहेत. आणि महामार्गावरचे दुचाकीस्वार वेगळेच, त्या रखडलेल्या रुंदीकरणाने किती घरे उघड्यावर आणली ते आपले वार्ताहर माझ्यापेक्षा चांगले जाणतात. पडलेला माणूस बहुधा तरुण असतो, बहुधा पुरुष, आणि बहुधा घरातला एकटा कमावता.

आमच्या बागांत राखणीला नेपाळी माणसे असतात. आमच्या राखणदाराने हे सगळे पाहिले आणि सांगितले, की त्यांच्या मुलखात जनावरांच्या पाल्यासाठी झाडावर चढून पडणारे फार. तिथे काठमांडूजवळ सांगा या गावी केवळ मणक्याच्या रुग्णांचे पुनर्वसन केंद्र आहे, ते 2002 मध्ये सुरू झाले आणि 2015 च्या भूकंपात त्याने मोठे काम केले. बांगलादेशात व्हॅलरी टेलर या ब्रिटिश फिजिओथेरपिस्ट बाईंनी 1979 मध्ये ढाक्याच्या एका रुग्णालयातल्या पडीक गोदामात चार रुग्णांवर असे काम सुरू केले. आज सावारला त्याची मोठी संस्था आहे. तिथलेही पुष्कळ रुग्ण झाडावरून पडलेले किंवा डोक्यावर जड ओझे घेऊन कोसळलेले. हे देश आपल्यापेक्षा श्रीमंत नाहीत.

आपल्याकडे जवानांसाठी खडकीला 1974 पासून कमरेखाली लुळ्या झालेल्या रुग्णांचे पुनर्वसन केंद्र आहे, ते असलेच पाहिजे. मुंबईत हाजी अलीला केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था 1955 पासून आहे. कोल्हापुरात नसीमा हुरजूक यांनी स्वतः चाकाच्या खुर्चीत बसून 1984 मध्ये अपंगांसाठी संस्था उभी केली. पण राजापूर-देवगडच्या गड्याने, ज्याला कुशीवर वळवायला दोन माणसे लागतात, मुंबईला महिनोन्महिने कसे राहायचे? रत्नागिरीला आणि ओरोसला आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालये झाली आहेत. तिथे प्रत्येकी दहा खाटांचा एक वॉर्ड केवळ यासाठी असावा. त्यात मोठी यंत्रे नकोत. रुग्ण आणि त्याच्या घरचे एक माणूस सहा आठवडे तिथे राहील, कूस बदलणे, नळी, आरसा, खाटेवरून खुर्चीत जाणे हे शिकेल आणि मग घरी जाईल. घरी गेल्यावर आरोग्य उपकेंद्राच्या सिस्टरनी पहिले तीन महिने आठवड्यातून एकदा पाठ उघडून बघावी. माझे सगळे मागणे खरे तर याच दोन वाक्यांत आहे.

पैशाचेही बोलले पाहिजे. शेतकऱ्यांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची अपघात योजना आहे. तिच्यात उंचावरून पडणे धरलेले आहे, हे चांगले. पण ती सातबाऱ्यावर नाव असलेल्याला आणि त्याच्या घरच्याला. माझ्या गड्याचे नाव कुठल्याच सातबाऱ्यावर नाही. मी पडलो असतो तर मला मिळाले असते, आणि मी झाडावर चढत नाही. माडावर चढणाऱ्यांसाठी नारळ विकास मंडळाची केरा सुरक्षा विमा योजना आहे. गोविंदांनाही सरकारने विम्याचे कवच दिले आहे. आंब्यावर चढणाऱ्याला असे काही का नाही? हापूसचे नाव जगभर करताना हे फळ खाली कोण उतरवतो, याचा विचार सरकारने करावा आणि आम्ही बागायतदारांनीही करावा. मी आता हंगामाआधी प्रत्येक गड्याचा अपघात विमा काढतो. पोस्टात किंवा बँकेत होतो. एका पेटीच्या दरात सगळ्या गड्यांचा वर्षाचा हप्ता निघतो. शेजारच्या बागायतदारांना सांगितले, काहींनी काढला, काही म्हणाले, अपशकुन कशाला?

त्याला अपंगांच्या शिबिरात चाकाची खुर्ची मिळाली. जड, इस्पितळात असते तशी. आमच्या वाडीला रस्ता नाही, पाखाडी आहे. घराला उंबरठा. सहा महिने ती खुर्ची पडवीत कपडे वाळत घालायच्या कामी आली. शेवटी वाडीतल्या मंडळींनी दोन रविवार श्रमदान केले, माझा गडगा फोडला आणि त्याच्या अंगणापासून माझ्या पॅकिंग शेडपर्यंत जांभ्याचा उतार बांधला. तो आता तिथे बसून आंब्याची प्रतवारी करतो. हातात फळ घेतले की वजन सांगतो, काट्यावर पाच-दहा ग्रॅमचाही फरक पडत नाही. मजुरी पूर्वीचीच, ती वाढते तशी वाढते. पायांत मात्र काही आले नाही.

राहता राहिले उचलण्याचे. दरवर्षी आमच्यासाठी मेळावे होतात. तुडतुडा, भुरी, फळमाशी, फवारणीचे वेळापत्रक सगळे सांगतात, छापील कागदही देतात. झाडावरून माणूस पडला तर काय करायचे, हे एकाही मेळाव्यात ऐकले नाही. म्हणून मी शिकलो ते इथे देतो. संपादकांनी एवढा भाग तरी कापू नये.

पडलेला माणूस शुद्धीवर असला तरी बसवायचा नाही, उभा करायचा नाही, पाणी पाजायचे नाही, तेल लावून चोळायचे नाही, हाडवैद्याकडे न्यायचा नाही. आहे तिथेच ठेवून 108 ला फोन करायचा. धोक्याच्या जागी नसेल तर रुग्णवाहिका येईपर्यंत हलवू नये. हलवावेच लागले तर एकाने डोक्याशी गुडघे टेकून दोन्ही हातांनी डोके आणि मान सरळ धरायची आणि ती शेवटपर्यंत सोडायची नाही. तिघांनी एका बाजूला बसून खांदा, कंबर आणि पाय धरायचे. डोके धरणारा सांगेल तेव्हाच सगळ्यांनी एकदम कुशीवर वळवायचे, ओंडका वळवतो तसे, मध्ये कुठे पीळ पडता कामा नये. पाठीमागून फळी सरकवायची आणि तसेच फळीवर परत घ्यायचे. डोक्याच्या दोन्ही बाजूंना रेतीच्या पिशव्या किंवा गुंडाळलेले टॉवेल लावायचे. छाती, कंबर, पाय पट्ट्यांनी बांधायचे. फळी फक्त नेण्यापुरती. तासन्‌तास तिच्यावर ठेवले तर तिथेच शय्याव्रणाची सुरुवात होते, म्हणून इस्पितळात पोचल्यावर ती लगेच काढायला सांगायचे.

फळी नसली तर घराचे दार बिजागरीतून काढा. त्या दिवशी माझ्या शेडला दार होते, दहा पावलांवर. कोणाला सुचले नाही.

मी सुताराकडून फळी करून घेतली आहे. सहा फूट लांब, दीड फूट रुंद, 18 मिलिमीटरचे प्लाय, कडेला हात घालायला खाचा, चार पट्टे. ती शेडच्या भिंतीला झेल्यांच्या शेजारी टांगलेली असते. हंगामाच्या पहिल्या दिवशी, कोणीही झाडावर चढण्याआधी, आम्ही एका माणसाला झाडाखाली निजवून सराव करतो. शिकवतो तो. खुर्ची उतारावरून खाली आणून झाडाखाली लावतो आणि पहिल्यांदा सगळ्यांना गप्प करतो. "डोकं धरलंय त्यानं बोलायचं, बाकीच्यांनी नाय." मागच्या वर्षी आजूबाजूच्या चार बागांतले गडी आले होते. यंदा सराव मार्चच्या पहिल्या रविवारी सकाळी आठला आहे. राजापूर तालुक्यातल्या कोणाही बागायतदाराने आपले गडी घेऊन यावे. फळीचे माप हवे असेल तर कागदावर काढून ठेवले आहे. माझा पत्ता आपल्या कार्यालयात दिला आहे.

कळावे,
आपला,
एक आंबा बागायतदार, ता. राजापूर, जि. रत्नागिरी